दोन नद्यांमधली वाट : बारामती, इंदापूर आणि तीन महामार्ग

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत फिरताना रस्त्याच्या कडेला तीन क्रमांक दिसतात : ६५, १६० आणि ९६५ जी. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणच्या समुद्राला भिडणारा तो ६५. सिन्नर, शिर्डी, अहिल्यानगर, दौंड, बारामती, फलटण, दहिवडी, मिरज असा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत कर्नाटकात शिरणारा तो १६०. आणि पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे पंढरीच्या दिशेने जाणारा ९६५ जी, म्हणजेच संत तुकाराम महाराज पालखी मार्ग.

यांतील उत्तर-दक्षिण मार्गाला राष्ट्रीय क्रमांक बराच उशिरा मिळाला. मात्र त्या दिशेने माणसे, घोडी आणि फौजा किमान पाच शतके जात आहेत. वाट जुनी आणि रस्ता नवा, असे का झाले? या धाग्यात त्याचा शोध घेऊ.

आधी नकाशा उघडावा. इंदापूर तालुका म्हणजे भीमा आणि नीरा यांच्यामधला दुआब. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोघी पूर्वेकडे वाहत जवळ येत जातात आणि तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. बारामती याच पट्ट्याच्या पश्चिम भागात, कऱ्हेच्या काठी. सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यामुळे सारा मुलूख पर्जन्यछायेतला.

नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, त्यामुळे त्यांच्या कडेने जाणारी पुणे-सोलापूर वाट सोपी होती. भीमेच्या दक्षिण अंगाने सरळ चालत राहायचे आणि इंदापूर मागे टाकल्यावर टेंभुर्णीच्या अलीकडे एकदा ती नदी ओलांडायची, एवढेच. नगरहून मिरजेकडे निघालेल्याला मात्र भीमा, कऱ्हा, नीरा अशी एकेक नदी आडवी येई. उन्हाळ्यात उतार सापडे; पावसाळ्यात नावेची वाट पाहावी लागे किंवा सरळ मुक्काम ठोकावा लागे. पूल होईपर्यंत उत्तर-दक्षिण वाट ही वर्षातून काही महिन्यांचीच वाट होती. पुढचा बराचसा इतिहास या एका गोष्टीवरून उलगडतो.

मध्ययुगात या वाटेचे महत्त्व तिच्या दोन टोकांमुळे होते. उत्तरेला निजामशाहीचे अहमदनगर, दक्षिणेला आदिलशाहीचे विजापूर. दोन्ही राजधान्यांच्या मधला हा प्रदेश कधी या शाहीचा, कधी त्या शाहीचा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार होते आणि त्यांचा मृत्यू इंदापूरच्या लढाईत झाला. वर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, स्थळाबद्दल नाहीत. इंदापूर हे दोन राज्यांच्या सीमेवरचे ठाणे होते, हे लक्षात घेतले की लढाई नेमकी तिथेच का झाली, असा प्रश्न उरत नाही. पुढे पुणे, सुपे, इंदापूर ही नावे शहाजीराजांच्या जहागिरीच्या संदर्भात एकत्र येतात. त्यांतील सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तिथला अंमल संभाजी मोहिते यांच्याकडे होता आणि तरुण शिवाजी महाराजांनी आरंभीच्या काळात जी ठिकाणे हाती घेतली त्यांत सुपे होते. शाळेच्या पुस्तकात ही घटना एका ओळीत आटोपते. पण सुपे हातात असणे म्हणजे पुण्याच्या पूर्वेकडचे दार हातात असणे, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही.

अठराव्या शतकात बारामतीचे नाव एका सावकारामुळे गाजले. बाबूजी नाईक जोशी हे बारामतीकर. त्यांचे बंधू आबाजी यांच्याशी पहिल्या बाजीरावाच्या बहिणीचे, भिऊबाईचे लग्न झाले होते. म्हणजे घराणे पेशव्यांचे सोयरे आणि धनकोही. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. पद अखेर नानासाहेबांकडे गेले. नंतर शाहू महाराजांनी नाईकांना कर्नाटकाची कामगिरी दिली. ती काही त्यांना झेपली नाही. तरी कर्नाटकात उतरू पाहणारा हा धनिक बारामतीला राहत होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पैसा आणि फौज या दोहोंना दक्षिणेकडे जाण्यासाठी हे ठिकाण सोयीचे होते. कवी मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. तेही नाईकांच्या आश्रयाने बारामतीला आले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. आर्यांच्या इतिहासात बारामतीला जे स्थान आहे, त्यामागेही एका सावकाराची पेढी आहे.

उत्तर-दक्षिण वाटेचा सर्वांत भीषण उपयोग १८०२ मध्ये झाला. यशवंतराव होळकर खानदेशातून निघून अहमदनगर ओलांडत दक्षिणेला उतरले. त्यांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी ऑक्टोबरच्या आरंभी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दोन्ही सैन्ये बारामतीच्या आसपास एकत्र आली, जेजुरीच्या बाजूने पुण्याकडे वळली आणि २५ ऑक्टोबरला हडपसरची लढाई झाली. दुसरा बाजीराव पळाला, वसईला गेला, डिसेंबरअखेर इंग्रजांशी तह करून बसला. वसईच्या तहाची कारणे सांगताना पुणे, वसई, कलकत्ता ही नावे येतात. ज्या वाटेने होळकर आले तिचे नाव कुणी घेत नाही. त्या वाटेवरच्या गावांनी मात्र ते विसरणे शक्य नव्हते. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी उभी पिके आणि कणग्या साफ केल्या. १८०३-०४ मध्ये पुणे प्रांतात पडलेल्या दुष्काळाला पावसाइतकीच ही लूट कारणीभूत होती. इंदापूर परगणा ओस पडला.

इथून कहाणी इंग्रजी अमलात येते आणि खरी गुंतागुंत सुरू होते.

इंदापूर हे भारतीय शेतसाऱ्याच्या इतिहासातले फार महत्त्वाचे नाव आहे. १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात बसवलेली आकारणी इतकी जड ठरली की लोकांनी जमिनी सोडल्या. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. १८३६ पासून ३० वर्षांसाठी सारा ठरवला गेला. पुढे मुंबई इलाखाभर जी रयतवारी पद्धत पसरली तिचा नमुना इथे घडला. शेताची हद्द, क्रमांक, प्रत, आकार : सातबाऱ्यावर आजही दिसणाऱ्या अनेक गोष्टींचे मूळ या ओसाड तालुक्यात सापडते.

यात रस्त्याचा संबंध कुठे? विंगेटच्या पद्धतीत जमिनीचा सारा केवळ मातीवरून ठरत नसे. गावाचे हवामान कसे, शेती कशी आणि बाजारपेठ किती जवळ, यांवरून गावांचे गट पाडले जात. बाजार जवळ म्हणजे धान्याला भाव जास्त, म्हणून साराही जास्त. मग रस्ता झाला, रेल्वे आली, तर बाजार आपोआप जवळ येतो. तीस वर्षांनी फेरआकारणी करताना सरकारने नेमका हाच हिशेब मांडला.

मधल्या काळात काय काय घडले ते पाहावे. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या हस्ते बोरघाटाचा रस्ता खुला झाला आणि पुण्याहून मुंबईला गाडी जाऊ लागली. पुण्याच्या पूर्वेकडचे रस्तेही हळूहळू बांधले गेले. बैलाच्या पाठीवरच्या गोणीची जागा बैलगाडीने घेतली. १८५८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याला पोहोचली, त्याच वर्षाच्या अखेरीस भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत. गंमत अशी की डिकसळला रेल्वेने भीमा ओलांडली आणि ती करमाळ्याच्या बाजूने निघून गेली. हमरस्त्यावरचे इंदापूर रेल्वेपासून दूर राहिले. बारामतीला तर रेल्वेचा स्पर्शही झाला नाही.

रस्त्यासाठी पैसा कुठून येत होता, हेही सांगायला हवे. १८६०च्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली. हाच लोकल फंड. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. त्यातला दोन तृतीयांश हिस्सा रस्ते वगैरे कामांना, एक तृतीयांश शाळांना. म्हणजे तालुक्यातील रस्त्यांचा खर्च शेतकरी सरळ भरत होता.

आणि १८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली. सारा एकदम निम्म्याहून अधिक वाढला. समर्थन असे की भाव चढले आहेत, रस्ते झाले आहेत, रेल्वे आली आहे. भाव चढले होते खरे. पण ते अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, कापसाच्या तेजीमुळे. युद्ध १८६५ मध्ये संपले आणि भाव उतरू लागले. उतरत्या भावात चढता सारा भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारात गेला. ज्या रस्त्यासाठी त्याने रुपयामागे आणा मोजला, तोच रस्ता दाखवून त्याचा सारा वाढवला गेला. असा दुहेरी फटका इतिहासात क्वचितच इतका स्वच्छ दिसतो.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. लोकांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि कर्जरोखे काढून जाळले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हेच घडले. त्यालाच ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सरकारने आयोग नेमला. वाढीव सारा हे कारण होते की नव्हते, यावर आयोगातच एकमत नव्हते; ऑकलंड कोल्व्हिन याने साऱ्याकडे बोट दाखवले. सरकारने काही वाढ मागे घेतलीच, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जसुटकेचा कायदा आला.

कायदा येण्याआधी दुष्काळ आला. १८७६ मध्ये पाऊस गेला आणि पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग होरपळून निघाला. सुरुवातीला गावाजवळ रस्त्याची, खडी फोडण्याची छोटी कामे काढली गेली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल याला पाहणीसाठी पाठवले. त्याने मजुरी कापली. दिवसाला साधारण पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे, इतक्यावर माणसाने दिवसभर काम करावे अशी अपेक्षा. शिवाय गावाजवळची कामे आवरून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचे धोरण आले. हजारो लोकांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने, ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती जमवून सरकारशी पत्रव्यवहार केला. उपाशी माणसांनी काम नाकारले, हा त्या काळातील मोठा प्रसंग आहे आणि संपांच्या इतिहासात त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

त्याच दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम निघाले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. नगरहून दक्षिणेकडे येणाऱ्या जुन्या वाटेला भीमेवर बारमाही पूल मिळाला, पण तो रेल्वेचा. आणि लोहमार्ग दौंडलाच थांबला. पुढे १८९२ मध्ये भाटघर धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी बारामती-इंदापुरात खेळू लागले आणि बाजरीच्या रानात ऊस दिसू लागला. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंद मापाची रेल्वे आली. वाफेचे ते छोटे इंजिन उत्तर-दक्षिण वाटेचा पुढचा टप्पा चालू लागले, मात्र बारामतीला येऊन तेही थांबले. नीरा ओलांडून फलटणला जायचे तर पुन्हा बैलगाडी. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. उसाला तर रोज रस्ता लागतो, कारण तोडलेला ऊस थांबत नाही.

‘राष्ट्रीय महामार्ग’ ही कल्पना घडवणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. महत्त्वाच्या रस्त्यांची जबाबदारी मध्यवर्ती सरकारने घ्यावी आणि पेट्रोलवरील करातून निधी उभारावा, ही या समितीची दिशा. १९२९ मध्ये तो निधी सुरू झाला. १९४३ च्या नागपूर परिषदेत राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी ठरली, १९५६ मध्ये कायदा झाला. पुणे-सोलापूर-हैदराबाद-मछलीपट्टण या सुमारे ८४० किलोमीटर मार्गाला ९ हा क्रमांक मिळाला. बारामतीवरून जाणारा उभा रस्ता राष्ट्रीय यादीत आला नाही. अजून तो राज्याचाच.

स्वातंत्र्यानंतरही या भागातील कितीतरी रस्ते दुष्काळानेच बांधले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला अख्खी कुटुंबे बसली. हातोडीने दगड फोडून ढीग लावायचे, मग मोजमाप, मग मजुरी. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. याच अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला, १९७९ मध्ये लागू झाला. १८७७ मध्ये लोकांनी जी मागणी केली होती ती गावाजवळ काम आणि पोटापुरती मजुरी एवढीच होती. तिला हक्काचे रूप मिळायला १०० वर्षे लागली.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. भीमेचे पात्र फुगून मागे सरकले, इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर आजही पाणी ओसरले की डोके वर काढते. डिकसळजवळ रेल्वेला आपला मार्ग बदलावा लागला आणि आगगाडीसाठी बांधलेला जुना दगडी पूल रिकामा झाला. पुढे कित्येक वर्षे इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतील लोक त्यावरून ये-जा करीत राहिले. भिगवणच्या पाणफुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी किती जणांना आपण बुडालेल्या शिवारांकडे पाहत आहोत हे ठाऊक असते, कोण जाणे.

२०१० मध्ये देशभरातील महामार्गांचे क्रमांक बदलले. ही नवी रीत इतिहासप्रेमींनी समजून घेण्यासारखी आहे. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम अंक, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. उत्तर-दक्षिण मार्गांना सम अंक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. तीन अंकी क्रमांक असेल तर शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे. त्यानुसार जुना ९ झाला ६५. धुळे-नाशिक-पुणे हा ६०, आणि त्याची शाखा म्हणून १६०. नगर-दौंड-बारामती-फलटण या वाटेला राष्ट्रीय क्रमांक लाभला तो या नव्या व्यवस्थेत. ६५ क्रमांकाचा मार्ग चौपदरी झाला, पाटस आणि सरडेवाडीला टोलनाके बसले. भीमा आणि नीरेवर आता गाडी वेग कमी न करता जाते, म्हणून आपण नदी ओलांडली हेच प्रवाशाला कळत नाही.

राहिला ९६५ जी. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला असे मानले जाते. देहूहून निघालेली पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरेकाठी पोहोचते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते; बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण. नोव्हेंबर २०२१ मध्ये या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटर, कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट. रुंदीकरणात जुनी झाडे गेली, जमिनी गेल्या, काहींना मोबदला मिळाला आणि काहींच्या विहिरी रस्त्याच्या पलीकडे राहिल्या. क्रमांकाच्या नियमाने पाहिले तर ९६५ जी ही ६५ ची शाखा ठरते. विंगेटची साखळी इंदापुरात पडण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून लोक ती वाट चालत होते.

आषाढीच्या आधी काही दिवस बारामतीत हे सारे एकत्र येते. १६० वरची मालवाहू वाहने पोलीस दुसरीकडे वळवतात, दिंड्या शहरात शिरतात, आणि नगर-मिरज वाट दोन दिवस देहू-पंढरपूर वाटेसाठी थांबून राहते. सराटीला पादुकांना नीरास्नान घडते. त्यानंतर पालखी नीरा ओलांडून अकलूजच्या हद्दीत जाते. तिथून पुढे सोलापूर जिल्हा.